उंबऱ्याशी आलेले पिल्लू

महाभारत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अठरा अक्षौहिणी सैन्य, द्यूतसभा आणि वनवास उभा राहतो. पण हे सारे अजून पुष्कळ लांब असताना, आदिपर्वाच्या आरंभीच्या पौष्यपर्वात, एक कुत्र्याचे पिल्लू धावत येते. जनमेजयाचे दीर्घ सत्र कुरुक्षेत्रावर चालले आहे. यज्ञभूमीवर गर्दी आहे, हविर्द्रव्ये मांडलेली आहेत, आणि हे पिल्लू सहज तेथे येऊन उभे राहते. राजाचे तीन भाऊ, श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन, त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. आई म्हणजे देवांची कुत्री सरमा. ती विचारते, तू काही अपराध केलास का? पिल्लू सांगते, मी हवीकडे पाहिलेही नाही, चाटणे तर दूरच. तेव्हा सरमा यज्ञमंडपात येऊन राजाला जाब विचारते. मंडपात कोणालाच उत्तर देता येत नाही. मग ती शाप देते, की निरपराध्याला मारले आहे, त्या अर्थी तुमच्यावर न दिसणारे भय येईल. चक्रवर्ती जनमेजय ह्या शापाने इतका अस्वस्थ होतो की सत्र संपताच शापाची शांती करू शकेल असा पुरोहित शोधायला निघतो.

कथा लहान आहे, पण तिच्यातला पेच प्रत्येक घरातला आहे. सोवळ्याओवळ्याचे, शिवाशिवीचे, खाण्यापिण्याचे नियम घराचे असतात. पिल्लाला ते ठाऊक नसतात. त्याला उंबरा दिसतो तो केवळ ओलांडण्यासाठी. मग त्या नियमाचा भंग झाला किंवा त्या घरात पिल्लाला काही इजा झाली, तर दोष कोणाचा? आज शहरातल्या कितीतरी घरांत दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हट्टासाठी पिल्लू येते, आणि बांधावे कोठे, खायला काय द्यावे, काय उचलून ठेवावे ही धावपळ सुरू होते. ती पाहून घरातली वडील मंडळी हसतात आणि हे सारे साहेबी खूळ आहे असे म्हणतात. इतिहासात डोकावले तर मौज अशी दिसते की हे खूळ साहेबापेक्षाच काय, शेतीपेक्षाही जुने आहे.

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल म्हणून जागा आहे. तेथल्या दगडाच्या खाणीत १९१४ साली मजुरांना एक जुने दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि एका कुत्र्याची हाडे होती. हे दफन सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे ठरले आहे. तेव्हा माणूस शेती करीत नव्हता, गाय पाळीत नव्हता. त्या कुत्र्याचे दात शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले आणि २०१८ साली आपला निष्कर्ष मांडला. ते पिल्लूच होते, मृत्यूच्या वेळी जेमतेम सात महिन्यांचे. त्याच्या दातांच्या लुकणावर अशा खुणा होत्या की पाचव्या महिन्याच्या सुमारास त्याला मोठे दुखणे येऊन गेले असावे, आणि ते एकदा नव्हे, लागोपाठ. हे दुखणे बहुधा डिस्टेंपर असावे असे त्यांचे मत आहे. ह्या रोगात पिल्लाला ताप भरतो, ओकाऱ्या आणि जुलाब होतात, त्याला उठवत नाही. कोणी ऊब दिली नाही, पाणी पाजले नाही, घाण काढली नाही, तर पहिल्याच झटक्यात ते मरते. हे पिल्लू मात्र त्यानंतर आठवडे जगले. शिकारीला, राखणीला त्या आजारी जिवाचा काडीचा उपयोग नव्हता. तरीही कोणीतरी त्याच्याजवळ बसले होते, आणि पुढे ते त्याच माणसांबरोबर मातीआड झाले.

ही झाली माया. मायेचा कायदा व्हायला आणखी पुष्कळ काळ जावा लागला, आणि तो लिहिला इराणात. पारशी बांधवांच्या धर्मग्रंथांत वेंदिदाद नावाचा एक भाग आहे. पुरोहितांनी तो पिढ्यानपिढ्या मुखोद्गत ठेवला आणि नंतर लिपिबद्ध केला. त्याच्या तेराव्या आणि पंधराव्या प्रकरणांत कुत्र्यांविषयी इतके बारकावे आहेत की आजच्या पशुवैद्याने हातात घेऊन वाचावेत. कुत्र्याला वाईट अन्न घालणे हा अपराध, आणि त्याची प्रत कुत्र्याच्या कामावरून ठरते. धनगराच्या कुत्र्याला वाईट अन्न घातले तर ते पहिल्या प्रतीच्या गृहस्थाला घातल्यासारखे. पिल्लाला घातले तर ते धर्मशील आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलाला घातल्यासारखे.

पंधराव्या प्रकरणात तर चक्क घरातल्या धोक्यांची यादीच आहे. राखणीच्या कुत्र्याला चावता न येणारी कठीण हाडे देऊ नयेत, कारण ती दातांत किंवा घशात अडकतात. फार गरम अन्न घालू नये, कारण तोंड आणि जीभ पोळते. गाभण कुत्रीच्या मागे धावून, ओरडून, टाळ्या वाजवून तिला घाबरवू नये, कारण पळताना ती खड्ड्यात, विहिरीत किंवा पाटात पडेल. ह्यातून तिचे काही बरेवाईट झाले तर ते पाप त्या माणसाचे. ‘कुत्री आपणच पडली’ ही सबब त्या कायद्याला मान्य नाही.

आणि ज्या कुत्रीला धनी नाही तिचे काय? तिची पिल्ले ज्याच्या आवारात, गोठ्यात किंवा मेंढवाड्यात जन्मतील, ज्याचे घर सर्वांत जवळ असेल, त्याने त्यांना पोसावे. न पोसल्यामुळे ती दगावली तर जाणूनबुजून केलेल्या हत्येचे शासन. कोठवर पोसावे ह्याचेही माप दिलेले आहे. पिल्लू आजूबाजूच्या चौदा घरांभोवती आपल्या पायांनी धावून येऊ लागले म्हणजे मोकळे सोडावे. पिल्लाची जबाबदारी सहा महिने आणि मुलाची सात वर्षे, असा हिशेब त्याच ठिकाणी शेजारी शेजारी मांडला आहे. मूल आणि पिल्लू ह्यांना एकाच ओळीत बसविणारा हा कायदा वाचला म्हणजे सरमेच्या प्रश्नाला कोणीतरी उत्तर दिल्यासारखे वाटते. पिल्लू अजाण आहे तोवर जाणतेपण घराने दाखवायचे.

रोमन लोक व्यवहारी. त्यांनी ह्याच गोष्टीचा विचार धर्म म्हणून न करता शेतीचा भाग म्हणून केला. वारो नावाचा पंडित इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, शेतीवर ग्रंथ लिहायला बसला. त्याच्या बायकोने शेत विकत घेतले होते आणि ते कसे राखावे हे तिला सांगायचे होते. त्यात कुत्र्यांवर एक प्रकरण आहे. पिल्लांच्या अंगाखाली भुसा अंथरावा, म्हणजे मऊ निजता येते. पहिले दोन महिने त्यांना आईपासून तोडू नये, हळूहळू दुधाची सवय सोडवावी. माश्या आणि गोचिडांनी कान सडू नयेत म्हणून बदाम वाटून कानांना आणि बोटांच्या बेचक्यांत चोळावे. आज कोणताही जाणता पशुवैद्य सांगतो की आठ आठवडे होईपर्यंत पिल्लू आईपासून घेऊ नका. दोन हजार वर्षांत सल्ल्यात दोन दिवसांचाही फरक पडलेला नाही. फरक पडला असेल तर ऐकणाऱ्यांत. बाजारात आजही महिनाभराची पिल्ले सर्रास विकली जातात.

पण त्याच रोमन जगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाँपेई शहरातल्या एका घराच्या दारात रंगीत खड्यांची फरसबंदी आहे. तिच्यात साखळीला बांधलेला काळा कुत्रा आहे आणि खाली लॅटिनमध्ये कुत्र्यापासून सावध राहण्याची सूचना आहे. आजही आपल्या बंगल्यांच्या फाटकांवर तीच पाटी असते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस जागा झाला, तेव्हा त्याच शहरातल्या दुसऱ्या एका घरात एक कुत्रा खराच साखळीला बांधलेला होता. माणसे निघून गेली. वरून हलक्या दगडांचा पाऊस पडत राहिला. दगडांची रास जसजशी वाढली तसतसा तो वर वर चढत गेला, आणि साखळी संपली तेथे थांबला. राखेत राहिलेल्या त्याच्या देहाच्या पोकळीत १८७४ साली गिलावा ओतून ठसा घेण्यात आला. आकसलेले पाय, वळलेली मान आणि गळ्यातला पट्टा त्यात अजून दिसतो. कुत्र्यापासून घराला धोका आहे हे दारावर लिहिणे सोपे असते. घरापासून कुत्र्याला काय धोका आहे हे लिहायला दारावर जागा नसते.

आपल्याकडे कुत्र्याचे नाते ह्या उंबऱ्यापाशीच अडखळलेले आहे. एकीकडे तो दत्तमूर्तीच्या पायाशी चार वेदांचे रूप होऊन बसतो, जेजुरीला खंडोबाच्या बरोबर असतो, वैश्वदेवाच्या वेळी त्याच्या नावाचा घास निघतो. दुसरीकडे तो माजघरात आला तर पाणी ओतून टाकावे लागते. म्हणून जुन्या वाड्याची रचनाच अशी, की कुत्र्याची सत्ता देवडीपासून अंगणापर्यंत. सोप्याच्या पायरीवर त्याने पुढचे दोन पाय टेकले तरी ‘हाड्’ म्हणून ओरडणारे कोणीतरी असेच. ह्यात निष्ठुरता होती तशी सोयही होती. पिल्लू अंगणात वाढत असे, कुंपणाच्या आत आईजवळ निजत असे, उष्टेमाष्टे खात असे, आणि घरातल्या वस्तूंशी त्याचा संबंधच येत नसे.

उंबरा ओलांडून मानाने आत गेलेले कुत्रे आपल्या इतिहासात थोडे. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याने वाघाच्या शिकारीत धन्याचा जीव वाचविला, आणि महाराजांनी त्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान दिला, अशी हकीकत आहे. भर दरबारात त्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घालून आपले पागोटेही त्याच्या डोक्यावर ठेवले, असे ग्रँट डफ सांगतो. आपल्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासात त्याने हे सारे महाराजांच्या लहरींत जमा केले आहे. संगम माहुलीला खंड्याची समाधी दाखवितात. साहेबाला जी लहर वाटली तिच्यात कृतज्ञतेचा भाग किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

मुंबईत मात्र हा प्रश्न लहरीचा राहिला नाही; तो रस्त्यावर आला. कंपनी सरकारच्या पोलिसांना बेवारशी कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आण्यांच्या लोभाने धनी असलेली, दाराशी बसलेली कुत्रीही मारली जाऊ लागली. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, कोटात ही मोहीम चालू असताना जमाव खवळला आणि त्याने पोलिसांना झोडपले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद, गाड्या बंद, आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीला पावही पोहोचेना. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही त्या बंदात होते. शिपाई आणावे लागले, धरपकड झाली. अखेर जमशेटजी जीजीभाई वगैरे मंडळींनी मध्यस्थी केली आणि कुत्री न मारता शहराबाहेर नेऊन सोडावीत अशी तडजोड निघाली. ज्या समाजाने वेंदिदादचे ते प्रकरण शतकानुशतके पाठ केले होते, त्याला दाराशी येऊन घास खाणारे कुत्रे बेवारशी आहे हे म्हणणेच समजण्यासारखे नव्हते.

त्याच समाजातल्या एका दात्याने पन्नास वर्षांनी पुढचे पाऊल टाकले. मुंबईत १८७४ साली प्राण्यांचा छळ थांबविण्यासाठी मंडळी निघाली होती. दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या देणगीतून परळला जनावरांचे इस्पितळ उभे राहिले आणि त्याला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई ह्यांचे नाव मिळाले. त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आजारी पिल्लाला पोत्यात घालून नदीकाठी सोडून येण्याऐवजी डॉक्टरकडे न्यावे, ही कल्पना मुंबईकरांच्या अंगवळणी पडली ती अशा ठिकाणांमुळे.

तोवर प्रयोगशाळाही जाग्या झाल्या होत्या. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लुई पाश्चरने पॅरिसमध्ये ६ जुलै १८८५ रोजी पहिली लस टोचली, हे आपण शाळेत शिकलो. हिंदुस्थानात कसौलीला १९०० साली आणि कुन्नूरला १९०७ साली त्याच्या नावाच्या संस्था निघाल्या. डिस्टेंपरची गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. हा रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूमुळे होतो हे कारे ह्या फ्रेंच संशोधकाने १९०५ साली दाखविले. पुढे इंग्लंडात शिकारीशौकिनांच्या एका साप्ताहिकाने वर्गणी गोळा करून संशोधनाला पैसा पुरविला, आणि लेडलॉ व डंकिन ह्या दोघांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस लस तयार केली. त्यांनी प्रयोगासाठी फेरेट नावाचे मुंगसासारखे प्राणी पाळले होते. त्याच फेरेटांच्या साहाय्याने १९३३ साली माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रथम हाती लागला. पिल्लांना वाचवू निघालेल्यांच्या हातून माणसांच्या रोगाची गाठ सुटली. ओबरकासेलच्या त्या पिल्लाजवळ बसलेल्या अनाम माणसापासून हा धागा येथवर येतो.

१९७८ च्या सुमारास पार्व्हो हा नवाच रोग जगभर पसरला. रक्ताचे जुलाब होऊन चार दिवसांत पिल्लू जाते, आणि त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. म्हणून लसींचा क्रम पुरा होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत, पिल्लाला रस्त्यावरच्या मातीत, अनोळखी कुत्र्यांच्या वावरात सोडू नये असे सांगतात. पिसाळीची लस तिसऱ्या महिन्यात. ही लस पिल्लाला वाचविते तशी घरातल्या मुलांनाही. येथे घराची सुरक्षितता आणि पिल्लाची सुरक्षितता वेगळी काढताच येत नाही.

आता आजच्या घराकडे वळू. वाडा गेला, अंगण गेले, देवडी गेली. तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात पिल्लाला ठेवायचे तर ते थेट माजघरातच येते. जो उंबरा त्याला वस्तूंपासून दूर ठेवीत होता तोच नाहीसा झाला. त्यामुळे वेंदिदादच्या यादीत भर घालणे आले. पाट आणि विहिरीच्या जागी चौथ्या मजल्याच्या सज्जाचे गज आले. ज्या फटीतून मांजर जात नाही तीतून दोन महिन्यांचे पिल्लू जाते. कठीण हाडांच्या जागी शिजविलेल्या कोंबडीची हाडे आली. शिजल्यावर ती ठिसूळ होऊन त्यांच्या सुऱ्या होतात. दात येताना शिवशिवणाऱ्या हिरड्यांना विजेची वायर मऊ लागते. कपाटातल्या डांबरगोळ्या, मोरीतले फिनेल, उंदरांचे औषध, आजोबांच्या उशाशी ठेवलेल्या गोळ्या, हे सारे कमरेच्या उंचीवर नव्हे, खांद्याच्या उंचीवर हवे.

आणि ऐन दिवाळीत तर घराचा कोपरा न् कोपरा मोहाने भरलेला असतो. करंजीतले आणि चिवड्यातले बेदाणे ह्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पडतात हे पशुवैद्यांच्या ध्यानात आले ते चालू शतकाच्या आरंभी. त्याचे कारण द्राक्षांतले टार्टारिक आम्ल असावे, असा अंदाज २०२१ साली पुढे आला. ते आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असते, म्हणून आमटीचे भांडेही चाटायला देऊ नये. चॉकलेट, कांदा, लसूण हीही त्याला विषेच. पूजेच्या तबकातली कण्हेरीची फुले माणसालाही घातक, मग पिल्लाची काय कथा! पणत्या जमिनीवर न ठेवता कट्ट्यावर ठेवल्या तर उजेड कमी होत नाही.

राहिले फटाके. मेन राज्यातल्या बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर ह्यांनी पिल्लांच्या वाढीचा कित्येक वर्षे अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. जन्मानंतर तिसऱ्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनावर जे उमटते ते जन्मभर राहते, हे त्यांच्या संशोधनाचे सार. ह्या दिवसांत त्याला माणसांची माया मिळाली तर ते माणसाळते; भय मिळाले तर ते भयही तसेच राहते. टाळ्या वाजवून घाबरवू नये असे सांगणाऱ्या त्या इराणी पुरोहिताला लवंगी माळ ठाऊक नव्हती, पण पिल्लाचे मन ठाऊक होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आतल्या खोलीत, खिडक्या लावून, घरातल्या एकाने पिल्लाजवळ बसावे. नेपाळात नरकचतुर्दशीच्या दिवशी कुत्र्यांना टिळा लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून गोडधोड खाऊ घालतात. आपल्याला माळ घालणे जमले नाही तरी माळ न लावणे जमेल.

महाभारताच्या अखेरीस पुन्हा एक कुत्रा येतो. हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी पडली, चारही भाऊ पडले. युधिष्ठिराच्या मागे राहिला तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही, ह्याला येथेच सोड. युधिष्ठिराने रथात चढायचे नाकारले. आश्रयाला आलेल्याला टाकणे हे त्याच्या मते महापातक होते. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे पुढे उघड होते. पण नाकारताना युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हते. त्याच्यापुढे होते केवळ मागून चालत आलेले एक जनावर.

जनमेजय युधिष्ठिराच्याच कुळातला, अर्जुनाचा पणतू. तरी त्याच्या मंडपात सरमेच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. आपल्या घरी पिल्लू यायचे असेल तर ते यायच्या आदल्या दिवशी एक करावे. मुलांना घेऊन गुडघे टेकून, हातांवर रांगत सारे घर एकदा फिरावे. त्या उंचीवरून कोणती वायर दिसते, कोणती बाटली हाती लागते, कोणत्या गजांतून डोके जाते, ते मुलेच सांगतील. पुढचे सहा महिने, चौदा घरांची फेरी त्याला आपल्या पायांनी जमेपर्यंत, त्याच उंचीवरून घर पाहायचे आहे.